कुलगुरूंपुढे अंथरलेली घोंगडी

इंदापूरच्या कॉलेजात कुलगुरू आले, तेव्हा नातीची परीक्षा फी भरायची राहिली होती. नात म्हणायची, "आज्जे, त्यांचा पगार वाढला, बंगला सजला, आन् फी आमची वाढली."

आमच्यात गाऱ्हाणं मांडताना पंचापुढं घोंगडी अंथरतात. तिच्यावर बसला की त्यानं ऐकायचंच. म्हणून मी नवी घोंगडी साहेबांच्या पायाशी अंथरली. प्राचार्यांनी ती उचलून त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या.

"अवो, बसायला हाय ती!" मी ओरडले.

"आजी, छान ऊबदार आहे," म्हणत साहेब घोंगडीसकट गाडीत बसले.

नातीची परीक्षा हुकली. एवढा पगार घेणाऱ्याचं काम ऐकायचं नसेल, तर कशाचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.