भरतेशची बसकी पिकअप

एखाद्या मित्रानं घरच्या अंगणात गाडी खोलायला काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चहाच्या वासानं माणसं यावीत तसे ते आपोआप येतात. आमच्या भरतेशनं तर पिकअपच खाली केली! म्हणजे रिकामी केली असं नव्हे. जमिनीच्या जवळ आणली.

भरतेश निपाणीजवळच्या एका गावात भाजीपाला करतो. मी बेळगावच्या शहापुरात हायस्कूलला शिकवतो, सुनील जवळच मच्छे गावातल्या कारखान्यात लेथवर आहे. तिघंही शाळेत एका बाकावरचे, त्यामुळं रविवारी भरतेशच्या अंगणात आमची हजेरी ठरलेली.

निमित्त घडलं तवंदी घाटात. रिकामी पिकअप वळणावर अशी काही डुलली की शेजारी बसलेली त्याची बायको पद्मा म्हणाली, "आवं, मला हितंच उतरवा. चालत परवडलं!"

घरी आल्यावर भरतेशनं निकाल दिला, "गाडी वाईट न्हाय रं. उंच हाय. जरा खाली बसली की वळणाला चिकटून पळंल बघ."

*

कृती शिकायची होती मोबाईलवरच्या व्हिडिओत बघून. त्यातला मेकॅनिक कुठल्या भाषेत बोलत होता, देव जाणे! मराठी नाही, कन्नड नाही, हिंदीही नाही.

"भाषा कळत न्हाय, पण हात कळत्यात की!" असं म्हणून भरतेशनं आवाजच बंद केला. चाकांवर लोखंडी पाट्यांची चळत असते, त्यातले पाटे कमी केले की गाडी खाली येते, एवढं त्या हातांवरून समजलं. मध्येच तो माणूस बोट वर करून अगदी तळमळीनं काहीतरी सांगत होता. तेवढा भाग आम्ही पुढं ढकलला.

सुनीलनं जॅक लावला. पिकअप जरा उचलली, जॅकवरून घसरली आणि कुणाला न विचारता अंगणातून निघाली, ती कडब्याच्या गंजीत तोंड खुपसूनच थांबली. नशीब, कुणाला लागलं नाही.

अंगावरचा कडबा झटकत सुनील म्हणाला, "चाकाखाली दगड लावा, असं सांगत असणार त्यो!"

*

पुढच्या रविवारी मात्र काम फत्ते झालं. सुनीलनं कारखान्यातून मापाचे बोल्ट करून आणले होते. गाडी अशी झकास बसली की आम्ही तिघं कमरेवर हात ठेवून नुसते बघतच राहिलो.

तेवढ्यात भरतेशचे वडील, आप्पा, काठी टेकत मळ्यातून आले. त्यांनी गाडीकडं बघितलं. मग मागं जाऊन हौद्यात डोकावले. हौदा रिकामा!

"काय भरल्याबिगर बसलीया ही?"

"आप्पा, मुद्दाम बसवलीया," भरतेश छाती काढून म्हणाला.

"मुद्दाम? माझा बैल असा बसला असता तर डॉक्टर आणला असतास की रं!"

*

एकदा बेळगावला येताना हायवेवर पोलिसानं हात केला. गाडी इतकी खाली म्हणजे माल जास्त, असा त्याचा सरळ हिशेब.

"ओव्हरलोड ऐति?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

"इल्ला सर, गाडी खाली ऐति!" भरतेशनंही कन्नडमध्येच सांगितलं. कन्नडमध्ये ऐति म्हणजे आहे, आणि खाली म्हणजे रिकामी. पण तो पोलीस पडला आमच्याच भागातला, मराठीसुद्धा जाणणारा.

"खाली हाय ते दिसतंय की मला! आत काय भरलंय ते सांग!"

*

खरी पंचाईत स्पीडब्रेकरची. माणसं बसलेली असली की गाडीचं पोट घासायचं. म्हणून ब्रेकर आला की सगळ्यांनी उतरायचं, गाडी पलीकडं गेली की पुन्हा बसायचं.

अशात चिकोडीला पद्माच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. पद्मा शहापुरी साडी नेसून, अंबाडा घालून निघाली. वाटेत गावं किती आणि प्रत्येक गावात ब्रेकर किती! ती पदर सावरत उतरायची, आणि पारावरची माणसं लगेच धावून यायची, "वहिनी, धक्का मारू काय?"

मांडवात पोचली तेव्हा अंबाडा कलला होता आणि साडीचा काठ धुळीनं माखला होता. मावशीनं विचारलं, "चालत आलीस काय गं?"

"निम्मी वाट!"

*

पण एका गोष्टीला आम्ही अजून हसत नाही. तोच तवंदी घाट, तेच दोघं, गाडी उताराला. वळणावर पुढचा मोटारसायकलवाला घसरला आणि मधोमध आडवा झाला. भरतेशनं स्टेअरिंग गर्रकन फिरवलं. पिकअप डुलली नाही, कलली नाही. रस्त्याला चिकटून त्या माणसाच्या बाजूनं गेली आणि कठड्याजवळ उभी राहिली. तो माणूस कपडे झटकत उठला. भरतेश मात्र उतरून कडेला खालीच बसला.

पद्मा शेजारी बसली. तिनं टोपण काढून पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

मग ती म्हणाली, "ब्रेकरला उतरायला लागलं तरी चालतंय."

*

तरी एका रविवारी पाटे परत घालायचं ठरलं. ढबू मिरची तोडायला आली होती, आणि माल भरला तर गाडीनं रस्ताच नांगरला असता. सुनील पाने मांडत होता. या वेळी दगड आधी!

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. पांढरं धोतर, टोपी, हातात तांदळाची वाटी. गावाच्या टोकाला बस्ती आहे, म्हणजे जैन मंदिर. तिथं ते रोज काठी टेकत चालत जात. पिकअप घेतल्यापासून त्यांनी कधी तिच्यात पाय ठेवला नव्हता. "मला नगं तुझी गाडी," एवढंच म्हणायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे.

त्या दिवशी मात्र त्यांनी काठी आत ठेवली, स्वतः दार उघडलं आणि कुणाचा हात न धरता सीटवर बसले.

"चल, बस्तीला सोड."

भरतेश गडबडला. "आप्पा, जरा थांबा. पाटे घालतोय. गाडी उंच करायचीया."

"कशाला?"

"ढबू न्यायची हाय की बाजाराला."

"ढबू दुसऱ्याच्या टेम्पोनं जाईल."

"पण आप्पा, आपली गाडी असताना..."

आप्पांनी वाटी मांडीवर नीट ठेवली. समोर बघतच म्हणाले,

"ढबूला गुडघं असत्यात काय रं?"