चौथा पाय

नऊ वर्षं तिने तो कागद यंत्राची थरथर मोजायच्या मीटरच्या पेटीत जपला होता. मॅनेजरसाहेबांनी त्यावर तिच्या वडिलांविषयी, म्हणजे कारखान्यात एकतीस वर्षं फिटर राहिलेल्या माणसाविषयी, त्याला कामावरून काढताना एकच ओळ लिहिली होती : ‘उपयुक्त आयुष्य संपले.’ वडिलांना कुणी मीटर लावून पाहिला नव्हता.

यंत्रांचं उरलेलं आयुष्य मोजणं हा आता तिचा धंदा होता, आणि आज तिच्यापुढे वडिलांनीच बसवलेला कंप्रेसर होता. साहेबांना तो मोडीत काढायचा होता. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. नवा कंप्रेसर आला की त्यावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लागणार होती. पाटी बनूनही आली होती, म्हणे.

तिने बेअरिंगवर मीटर टेकवला. आकडा भलताच वर गेला.

“बघा ताई, मी म्हणत नव्हतो? लिहून टाका. मी चहा सांगतो.” साहेब लगबगीने गेले.

शत्रूच खरं बोलत असेल, तर सूड घ्यायचा कसा?

मग आठवलं : बाबा मीटरवर विसंबण्याआधी यंत्राच्या पायांना हात लावून बघत. ती वाकली. तीन पाय गुमान उभे होते. चौथा वेगळाच थरथरत होता. नटावरचा रंग नुकता उडालेला, पान्याचे ठसे ताजे. तिने फोटो काढला, यंत्र थांबवून बोल्ट आवळला, पुन्हा सुरू केलं. आकडा निम्म्याच्याही खाली. तेलाचा नमुना तर आधीच निर्मळ निघाला होता.

“अजून अकरा वर्षं चालेल,” चहा घेत ती म्हणाली.

“अकरा? अहो, तोवर मी कुठे असेन!”

“ते माझ्या मीटरमध्ये येत नाही. साक्षीदार म्हणून सही करा. इथे, ‘बोल्ट मुद्दाम सैल केलेला आढळला’च्या खाली.”

साहेबांनी घाम पुसला. “एवढी ओळ काढता नाही का येणार?”

“लिहिलेल्या ओळी काढता येत असतील, तर माझ्याकडे एक जुनी आहे.” तिने पेटीतला कागद त्यांच्यापुढे उलगडला.

साहेबांनी सही केली.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. “सही करताना हात थरथरत होता?”

“चांगलाच.”

“आकडा किती?”

“मीटर नाही लावला, बाबा.”

“लावायचा गं!” वडील हळहळले. “एवढी पेटी उगाच वागवतेस.”