उद्याच्या तारखेची फाईल

मी कॉम्प्युटरवाला माणूस. चकवा, मुंजा, अमावस्या... असलं काही सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ खिल्ली उडवलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. तरी लिहितो.

दुष्काळाची वर्षं होती. औरंगाबाद शहर जालना रोडने करमाडच्या दिशेला पसरत चाललं होतं – नव्या बिल्डिंगांनाही टँकर, गावांनाही टँकर. मी एका टँकर कंत्राटदाराच्या ऑफिसात होतो. बजाजनगरात एकटाच राहायचो. आई गेल्यापासून खोलीत करमायचंच नाही.

काम सोपं होतं. रोज दुपारी डेटाबेसमधून त्या दिवसाच्या खेपा निघायच्या, त्यांची फाईल आपोआप बनायची आणि नावात त्या दिवसाची तारीखही आपोआप पडायची. मी फक्त चहा प्यायचो.

एका शनिवारी फोल्डरमध्ये दोन फाईली दिसल्या. एक आजची. दुसरी... उद्याच्या तारखेची! म्हटलं, घड्याळ पुढे गेलं असेल. पण घड्याळ ठीक होतं. फाईल उघडली तर आत एकच खेप – करमाडच्या पुढची मेंढपाळांची वस्ती, टँकर रफिकभाईंचा, 'पाणी पोचलं'. ती वस्ती तर मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेली म्हणून तिथली खेप आम्ही कधीच बंद केली होती. पुन्हा पुन्हा एक्सपोर्ट करून पाहिलं, ती ओळ काही येईना. डेटाबेसमध्ये नव्हतीच ती!

रफिकभाईंना फोन लावला.

"अरे भाई, वहाँ कौन है? कुत्रंबी नाय राह्यलं तिथं."

"एकदा जाऊन बघू. मीपण येतो," मी म्हणालो. रविवारी मला दुसरं काम तरी काय होतं!

सकाळी पोचलो. सगळ्या घरांना कड्या. शेवटच्या घराच्या ओट्यावर मात्र एक म्हातारा पडलेला... ओठ फुटलेले, शेजारचं पिंप कोरडं. वस्ती चाऱ्यामागं निघाली की घरं राखायला एक म्हातारं माणूस मागं ठेवतात, ही त्यांची रीत. आमच्या ऑफिसात ते कुणाच्या गावीही नव्हतं. त्यात याचा पाय मुरगळला आणि लांबच्या विहिरीवरून पाणी आणणंच बंद झालं.

रफिकभाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने तो बोलला, "पोरानं धाडलं व्हय तुमाला?"

रफिकभाई माझ्याकडे बघायला लागले.

"व्हय बाबा," मी म्हणालो.

म्हातारा रडायला लागला. मी टँकरचा पाइप ओढून त्याचं पिंप भरायला घेतलं.

पुढे त्याच्या मुलाला फोन लागला. त्याने कुणालाच काही कळवलं नव्हतं. ऑफिसात विचारलं, तर फाईलला कुणी हातही लावला नव्हता. मग ती आली कुठून? मला अजूनही सांगता येत नाही.

त्यानंतर पाऊस पडेपर्यंत मी दर रविवारी रफिकभाईंच्या टँकरवर बसून वस्तीवर जायचो. पाणी कसं आलं, हे म्हाताऱ्याने कधीच विचारलं नाही. बाजेवर मला जागा करून देत तो एवढंच म्हणायचा, "तू कशापायी येतोस रं लेका?"