वेटलिस्टवरून मिळालेली जागा

माझ्या मुलीला कॉलेजात वेटलिस्टवरून जागा मिळाली, आणि ते मी लोकांपासून लपवलं. चूक इथूनच झाली.

जूनमध्ये इथं अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या मराठी मंडळाची पिकनिक होती. भेळेच्या रांगेत एका काकूंनी विचारलं, "काय हो, लेकीला ॲडमिशन लगेच मिळाली का? आमच्या चिरंजीवांना लटकवलंय वेटलिस्टवर."

"आमचं पहिल्याच फेरीत झालं," मी म्हणालो.

"मग काय, पार्टी द्या."

मुलगी शेजारीच कागदी प्लेट घेऊन उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, यू लाइड."

"अगं, एकदा आत गेल्यावर कोण विचारतंय?"

तोपर्यंत ती खुशीत होती, हे मला फार उशिरा आठवलं.

कॉलेजात रूममेटनं ॲडमिशनबद्दल विचारलं तेव्हा तिनं माझंच उत्तर दिलं. पुढे ते सांभाळत बसली. केमिस्ट्रीत अडलं, पण प्रोफेसरांकडे गेली नाही. गेलं की आपल्याला काही येत नाही हे त्यांना कळेल, असं तिला वाटायचं. फुकट शिकवणी होती, तिथं नाव लिहावं लागायचं म्हणून तीही नको. फोनवर मला "ऑल गुड" एवढंच; बाकीचं मला नंतर कळलं.

मीही नागपूरहून एमएस करायला आलो तेव्हा वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. चुकून घेतलंय, कधीही परत पाठवतील, असं वाटायचं. तिला मात्र लहानपणापासून सांगत आलो की बाबा पहिल्या दिवसापासून पुढच्या बाकावर बसायचा.

फेब्रुवारीत तिनं कॉलेज सोडल्याचा फॉर्म भरला आणि मग आम्हाला कळवलं. मी आणायला गेलो. अर्धी खोली खोक्यांत भरून झाली होती.

"अजून मागे घेता येईल का फॉर्म?" मी विचारलं.

"नाही. आणि ती सीट दुसऱ्या कुणाची होती, बाबा. मी परत दिली."

"असं सगळ्यांनाच वाटतं गं."

"तुला वाटलं होतं?"

खोक्याला चिकटपट्टी लावता लावता तिनं सहज विचारलं. होकाराची तिला अपेक्षा नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"हो," मी म्हणालो. "वर्षभर. तुला कधी सांगितलं नाही. आणि पिकनिकला मला कमीपणा वाटला म्हणून मी खोटं बोललो. तुझ्यात काही कमी नव्हतं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."