सर्वांत चांगली दिसणारी डिश

“ती तोंड उघडत नाही, म्हणूनच डेमोला तिला बसवा,” डायरेक्टर सर काचेपलीकडे मार्केटिंगच्या निखिलला सांगत होते. मी हातमोजे बदलत होते. सगळं ऐकू आलं.

हिंजवडीतल्या आमच्या लॅबमध्ये मी उंदरांच्या रेटिनातल्या मज्जापेशी डिशमध्ये, म्हणजे छोट्या चपट्या बशीत, वाढवते. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा. तिथल्या पेशींचे तंतू मेंदूपर्यंत जातात. ते तुटले की सहसा परत वाढत नाहीत. या पेशींना सांभाळणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्यांना ग्लिया म्हणतात. डिशमध्ये आधी ग्लियाचा थर दिला, तर तंतू बरे वाढतात.

सरांना मात्र तंतू स्टेरॉइडने वाढतात असं दाखवायचं होतं. ग्लिया कमी पडल्याने अर्ध्याच डिशमध्ये थर होता. “ज्या छान दिसतायत त्यांत स्टेरॉइड टाक,” सर म्हणाले. छान दिसत होत्या त्या अर्थातच ग्लियावाल्या. चाकणला पप्पांच्या कंपनीत ऑडिटच्या दिवशी चांगले पार्ट वरच्या क्रेटमध्ये ठेवायचे. तिथे निदान त्याला रिसर्च म्हणत नसत.

मी उरलेल्या दोन प्रकारच्या डिशही करून पाहिल्या. ग्लियाशिवाय नुसतं स्टेरॉइड टाकलं, तर जवळजवळ काहीच नाही. स्टेरॉइडशिवाय नुसत्या ग्लिया, तर भरपूर तंतू. सरांना सांगितलं. ते म्हणाले, डेटाला स्टोरी लागते.

त्या स्टोरीसाठी मोशीचे एक काका लॅबमध्ये आले. त्यांच्या पुतण्याच्या, शुभमच्या, डोळ्याची नस कारखान्याच्या प्रेस शॉपमधल्या अपघातात दुखावली होती. थोडा उजेड कळत होता, तेवढाच. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडला नकार दिला होता: आता उपयोग नाही, आणि डोळ्यातला दाब वाढला तर आहे तेही जाईल. सरांच्या ओळखीचा एक डॉक्टर मात्र इंजेक्शन द्यायला तयार होता. काका संध्याकाळीच शुभमला तिकडे हलवणार होते.

सरांनी मला सर्वांत चांगली दिसणारी डिश आणायला सांगितलं. मी आणली. गप्प बसणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे, ते एकदा तपासावं. तेवढी तसदी कोणी घेतली नाही.

स्क्रीनवर तंतूंचं जाळं आलं. निखिल “वॉव” म्हणाला. त्याला पगारच त्याचा मिळतो. सर बराच वेळ स्टेरॉइडचं कौतुक करत राहिले. काका स्क्रीनजवळ सरकले.

“मुळ्याच फुटल्यात की,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “आमच्या शुभमच्या डोळ्यात असंच व्हईल न्हवं, ताई?”

“ती लाजाळू आहे हो,” सर हसत म्हणाले.

“काका, या डिशमध्ये स्टेरॉइड टाकलेलंच नाही,” मी म्हणाले. “शुभमला हलवू नका.”