फाटक्या बारदान्यातली बाई

माझ्या मुलीनं मला आधी सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

चिखलीत माझं जुन्या बारदान्याचं दुकान आहे. रिकामी पोती घ्यायची, झटकायची, शिवायची आणि पुन्हा विकायची. सुरुवात सायकलवर केली. अमडापूरच्या बाजारातून मी पोती बांधून आणायचो आणि बायको दारात बसून ती दाभणानं शिवायची. ती गेली त्याला चार वर्षं झाली. शिवतानाचा तिचा एकही फोटो नाही. रोजचंच काम, त्याचा फोटो कोण काढतो?

मुलगी मोताळ्याला दिली आहे, तिथं शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या हिवाळ्यात ती दुकानात आली आणि कोपऱ्यातला सडका ढीग उपसून तळहाताएवढे तुकडे कापू लागली.

"कायले पाहिजेत तुले ह्या चिंध्या?"

"लागतात, बाबा. भाव सांगा."

बापाशीच सौदा! मला बरं वाटलं. तुकडे फुकटच दिले, पण तोंडानं कुरकुर करून.

ते तिनं चिखलीतल्याच एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये टांगले. इन्स्टॉलेशन म्हणतात म्हणे त्याला. छतापासून सुतळ्या सोडलेल्या, कुठला तुकडा पुढं, कुठला पार मागं, कुठला डोक्याशी, कुठला गुडघ्याशी. जमिनीवर खडूची एक फुली. मी पोचलो तेव्हा पंधरावीस माणसं होती आणि आमच्या ओळखीची एक भाजीवाली फुलीवर उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

"बाबा, या फुलीवर उभे राहा. एक डोळा मिटा."

आमच्या धंद्यात, विकणारा जिथं उभं करतो तिथं घेणाऱ्यानं उभं राहायचं नसतं. माल तिथूनच चांगला दिसतो, म्हणून तर तो तिथं उभं करतो. मी जन्मभर थप्पीच्या मागं जाऊन, खालचं पोतं ओढून माल पाहिला. तिथंही तेच केलं. मागून गेलो, बाजूनं गेलो, एक तुकडा ओढून त्याची शिवण बोटानं उसवून पाहिली.

"हात नका लावू, बाबा. फक्त इथी या."

"काऊन? तिथून काय रेशीम दिसते? फाटकं ते फाटकंच."

"एक डाव या ना."

"मले शिकवू नको. पोतं कसं पाहाचं, मले मालूम आहे."

कोणीतरी हसलं, तसा मी आणखी चढलो. "घेता काय कोणी? किलोवर देतो!" मोठ्यानं म्हणालो. मुलीनं मी ओढलेला तुकडा पुन्हा जागेवर केला. भाजीवालीनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं ऑटोतून ते सगळे तुकडे दुकानात परत पाठवले, गठ्ठा बांधून. दुपारी वीटभट्टीवाला आला. पेटवणाला तो सडका माल नेतो. त्याच्या वजनात तो गठ्ठाही घातला.

आठवड्यानं बाजारात मी त्याच भाजीवालीकडे वांग्याचा भाव पाडत होतो. ती म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी वहिनी हुबेहूब बसल्या होत्या. पाठमोऱ्या, हातात दाभण. जरा हाललं का चिंध्याच चिंध्या. फुलीवर आलं का पुन्हा वहिनी. मी चार डाव पाह्यलं."

"कोण वहिनी?"

"अजी, तुमची!"

वांगी तिथंच टाकून मोताळ्याची गाडी धरली. मुलगी दारातच भेटली.

"सांगितलं काऊन नाही? आई आहे, एवढंच बोलली असती तर मी..."

"मले वाटलं, तुम्ही पाहिल्यावर ओळखसान."

"पुन्हा टांग. म्हणशील तिथं उभा राहतो."

"तुकडे आणा मंग. दुकानातच राहतीन म्हणून धाडले होते."

"ते भट्टीत गेले. दुसरे घे. दुकान भरलं आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. "त्या तुकड्यांवर आईचे टाके होते, बाबा. तेवढेच उरले होते. सारा ढीग धुंडून काढले होते मी."

मी काय करायला हवं होतं, मला ठाऊक नाही. मी ओरडलो. बापाची चारचौघांत परीक्षा घेतेस काय, म्हणालो. शेजारची माणसं बाहेर आली. तिनं "चहा घ्या" एवढंच म्हटलं, आणि मी तो न घेताच निघालो.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून डोळे मिटले आणि बायकोला जुळवू लागलो. पोती आठवली. कुठल्या बाजारची, किती, कुठल्या भावाची, सगळं आठवलं. तिच्या शेजारी लागत गेलेली थप्पी आठवली, पार आढ्यापर्यंत. ती काही दिसेना. चिखली येईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.