पालथ्या पेल्याची रीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला मी माझं खरं वजनसुद्धा सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हाला का? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि खरं सांगू? मला स्वतःलाच बघायचंय, हे घडलं कसं. इतकी वर्षं नर्सिंग केल्यावर एक खोड लागते. जखम आहे म्हटलं की पट्टी सोडून आत डोकावल्याशिवाय चैन पडत नाही.

मी बोरिवलीची. उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. तेव्हा मी एक कोर्स केला — आरोग्यसेवेतलं नेतृत्व, पदव्युत्तर डिप्लोमा, दर शनिवारी अंधेरीत वर्ग. डॉक्टर, फिजिओ, फार्मासिस्ट आणि आम्ही तिघी सिस्टर. मेट्रनची खुर्ची थोड्याच दिवसांत रिकामी होणार होती आणि माझा डोळा तिच्यावर होता, हे कशाला लपवू? पण अभ्यासही मनापासून आवडला. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, तुमच्या विभागात पद नसताना लोक कुणाचं ऐकतात? नाव लिहा. मी जराही न थांबता वहीत लिहिलं — मथुरामावशी.

मथुरामावशी आमच्या वॉर्डची आया, कंत्राटी. मनोरीची कोळीण. आधी मासळी विकायची, पाटी वाहून गुडघे गेले म्हणून इकडे आली. आवाज असा की वॉर्डच्या त्या टोकाचा पेशंट उठून बसावा!

आमची एक जुनी डोकेदुखी होती. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटला उपाशी ठेवायचं असतं. खाटेला तशी चिठ्ठी लावायचो, तीही इंग्रजीत. ती वाचतो कोण? बायको येणार, मायेने चहा-खारी भरवणार, आणि ऑपरेशन रद्द. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शिव्या मला. एक दिवस बघते तर अशा प्रत्येक पेशंटच्या लॉकरवर पाण्याचा पेला पालथा. मावशीने आल्या-गेल्या नातेवाइकांना दम भरला होता — पेला पालथा दिसला की थेंबसुद्धा द्यायचा नाही. हे सुचलं कुठून, म्हणून विचारलं तर हसली. "बाजारान पाटी पालथी घातली का कोन भाव इचारतंय गो बाय?"

महिन्याभरात वॉर्डचं चित्र बदललं. शेजारच्या खाटेवरचे लोकच पहारा करायला लागले.

आणि कोर्सला प्रकल्प होता — आपल्या विभागात एक बदल घडवा, त्याचा अहवाल लिहा. माझ्याकडे काही नव्हतं. तीन कल्पना खोडल्या. मग मी हा पेला लिहायला घेतला.

तो अहवाल मी नंतर कितीदा वाचलाय! नेमकी कुठे चोर झाले, ते शोधत. पहिली चार पानं तर शंभर टक्के खरी आहेत — अडचण खरी, उपाय खरा, फरक खरा. पाचव्या पानावर एक चौकट होती, 'तुमची भूमिका'. तिथे मी लिहिलं — कल्पना, आखणी, प्रशिक्षण. अक्षरसुद्धा छान आलंय.

पण प्रशिक्षण लिहिलं म्हणजे ते झालेलं असायला हवं. म्हणून मी ते घेतलं. सगळ्या मावश्या आणि वॉर्डबॉय गोळा केले, तक्ता टांगला आणि पेला पालथा कसा ठेवायचा ते करून दाखवलं. पुढच्या रांगेत मथुरामावशी. शेवटी हजेरीचा कागद फिरला. तिने एकेक अक्षर जुळवत सही केली — आपल्याला हे शिकवण्यात आलं म्हणून.

तिला कळलं असेल का? बाजारात हातचलाखीने बदललेला एक पापलेट जिच्या नजरेतून सुटत नसे, तिला हे कळलं नसेल? जाताना एवढंच म्हणाली, "बरा सांगितलंस, सिस्टर." टोमणा होता की शाबासकी? मी तो सूर मनात परत परत लावून बघते. कळत नाही.

तोंडी परीक्षेत विचारलं, ही कल्पना सुचली कशी? मी सांगितलं — आईवरून. ती उपासाच्या दिवशी आपला पेला पालथा घालून ठेवायची. परीक्षक गहिवरले. माझी आई उपासाला सकाळपासून चार चहा प्यायची.

तुम्ही म्हणाल, एवढंच? लोक अख्खे प्रबंध ढापतात. मीही बरीच वर्षं इथेच थांबत होते. मन खायला उठलं की त्याला एवढाच तुकडा टाकायचा.

पुढचं असं आहे. कोर्स संपला, पहिली आले. त्यानंतर काही महिन्यांनी कंत्राट बदललं आणि माणसं कमी करायची ठरली. आमच्या वॉर्डात दोन मावश्या होत्या, एकच राहणार होती. दुसरी तरुण. मथुरामावशीच्या घरात तेव्हा कमावणारी ती एकटीच होती, हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं. मेट्रन मॅडमनी मला बोलावलं. सरळ बाई होत्या. म्हणाल्या, "गुडघ्यांचं कारण देतायत गं. पण मथुराचं काही विशेष असेल तर सांग, मी भांडते त्यांच्याशी."

काही विशेष! तीन शब्द पुरे होते — कल्पना तिची होती. माझा अहवाल मॅडमच्याच कपाटात होता, वर बक्षिसाचं पत्र.

मी म्हणाले, "नाही मॅडम. बाकीच्यांसारखीच आहे."

घाबरले होते का? आठवून बघते, तर नाही. गोंधळले होते? तेही नाही. मी शांतपणे विचार करून बोलले. माझ्या पोटात असं कुणी राहतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. माझ्या आतल्या त्या बाईबद्दल मला अजून कुतूहल वाटतं, आणि तिची किळसही येते.

महिनाअखेरीला मावशी गेली. जाताना सगळ्यांना सुक्या बोंबलांची एकेक पुडी दिली. मलाही दिली. आम्ही ते खाल्ले.

आज मी मेट्रन आहे. प्रत्येक वॉर्डात पेला पालथा ठेवतात, तक्त्याखाली माझं नाव आहे. नव्या सिस्टर मला त्याबद्दल विचारतात आणि मी सांगते — आई, उपास, सगळं. मनोरीला जायला मार्व्याहून बोट मिळते. माझ्या घरापासून फार तर तासा-दीड तासाचा रस्ता. पाच वर्षांत मी गेलेले नाही. आणि आज हे लिहून झाल्यावर जाईन, असंही मला वाटत नाही.